गाडीचं कपाळ

माझं कन्यादान माझ्या वडिलांनी केलं नाही. ते जिवंत होते, धडधाकट होते, मांडवाच्या बाहेरच होते. पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून आल्यागेल्याला तांब्यातांब्याने पाणी देत होते. पाटावर बसले ते अमळनेरहून आलेले लोटूकाका आणि काकू. माझी माय पुष्पाबाई, नवी कोरी नऊवारी नेसून, बायकांच्या घोळक्यात मागे बसली होती. नवराच पाटावर बसणार नाही म्हटल्यावर बाईने एकटीने कसं बसायचं? मी हे सगळं मुंडावळ्यांच्या आडून बघत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. ती अजूनही पुरती गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

नाना शुभकार्याला हात का लावत नाहीत हे सुरतेतल्या आमच्या अख्ख्या बमरोलीला तोंडपाठ होतं. आमचे नाना, धुडकू त्यांचं नाव, तरुणपणी नगीनदास शेठकडे ड्रायव्हर होते. शेठची पांडेसऱ्याला मिल होती. त्यांनी धाकट्या मुलासाठी, किरीटसाठी, मुंबईहून एक विलायती स्पोर्ट्स कार आणली होती. हिरवी, दोन सीटची, उघड्या टपाची. नवीकोरी म्हणून आणलेली ती गाडी बघायला डुमसच्या रस्त्यावर लोक उभे राहायचे म्हणे. तिची देखभाल नानांकडे. दर दसऱ्याला ते तिला धुऊन-पुसून झेंडू घालायचे, नारळ फोडायचे. अशाच एका दसऱ्याला पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी गावाहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं. नानांचे चुलते दसऱ्याच्या आधीच गेले होते. म्हणजे पूजा सुतकात झाली. त्याच आठवड्यात किरीटने डुमसच्या रस्त्यावर गाडी झाडावर घातली आणि तो जागच्या जागी गेला. सुरतभर बोभाटा झाला की शेठचा पोरगा पिऊन गाडी चालवत होता. नाना घरी येऊन मायला म्हणाले, माझ्या सुतकी हाताने हे झालं.

त्यानंतर नानांनी आरतीचं तबक धरलं नाही, कुणावर अक्षता टाकल्या नाहीत, माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्याच्या दोरीला हात लावला नाही. शेठने त्यांना ड्रायव्हरकीतून काढून मिलमध्ये कायम केलं आणि बमरोलीला राहायला खोली दिली. त्याच खोलीत आम्ही दोघी बहिणी वाढलो. मी, म्हणजे चंचल, शिकले, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले. शिकवायची सवय लागल्यावर वडिलांनाही शिकवायला गेले. भटजींना विचारून आले की बातमीच कळलेली नसताना केलेल्या पूजेला दोष लागतो का. ते म्हणाले, नाही लागत. मी घरी येऊन विजयी मुद्रेने सांगितलं. नाना म्हणाले, "भटले काय ठाऊक? माले ठाऊक शे." आणि बिडी घेऊन ओट्यावर जाऊन बसले. असा माणूस.

माझं व्हायचं ते होऊन गेलं. पण सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी योगिताचं ठरलं. योगिता माझी बहीण, माझ्याहून बरीच लहान, घरातलं शेंडेफळ. मुलगा उधन्याचा, लग्न वैशाखात. ती काही मागणारी मुलगी नव्हती. एक दिवस माझ्या घरी आली आणि म्हणाली, "ताई, मला बाकी कशू नथी जोईतू. फक्त नाना पाटावर पाहिजेत. तुझ्यासारखं नको व्हायला माझं." शेवटचं वाक्य मला लागलं, पण ते खरं होतं. मी तिला शब्द दिला. आता नानांना पाटावर बसवायचं, मग काय वाट्टेल ते होवो, असं मी मनाशी धरलं.

त्याच सुमाराला तेजस आमच्याकडे आला. तेजस म्हणजे नगीनदास शेठचा नातू, किरीटच्या थोरल्या भावाचा मुलगा. पोरगा गोड होता, पण त्याला जुन्या गाड्यांचं वेड लागलं होतं. शेठ जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, मिलही निम्मी बंद होती. मिलच्या मागच्या गोदामात ती हिरवी गाडी ताडपत्रीखाली तशीच पडून होती, अपघातानंतर कुणी तिला हात लावला नव्हता. तेजसला ती दुरुस्त करायची होती, आणि ती खरीखुरी, अस्सल, कंपनीने बनवली तशीच आहे हे लेखी हवं होतं. त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. चूक तिची नव्हती. तिथे विलायतेत एक म्हातारे गृहस्थ कारखान्याच्या जुन्या नोंदी सांभाळत बसलेले असतात म्हणे. गाडीवरचा नंबर कळवला की ती कुठल्या वर्षी, कुठल्या रंगाची, कुठल्या बंदराला रवाना झाली ते उतरवून पाठवतात.

"काका, चासीचा नंबर कुठे असतो?" तेजसने नानांना विचारलं. चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. "इंजिनचा मिळाला, बॉडीवरच्या पट्टीचा मिळाला. चासीचाच नथी मळतो."

"माले ठाऊक नही," नाना म्हणाले.

"तमे तो रोज ए गाडी साफ करता हता ने?"

"तीस वरीस व्हई गयात. भुली गऊ."

नानांना तीस वर्षांपूर्वीच्या प्रत्येक पाहुण्याने जेवताना काय टाकलं ते आठवत असे. मला वाटलं, जखमेला हात लागतोय म्हणून बोलत नाहीत. तेजस निघाला तेव्हा मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले आणि सांगितलं, जे दोन नंबर आहेत ते पाठव, काय उत्तर येतं ते मलाही कळव. खरं तर मला गाडीत काडीचा रस नव्हता.

उत्तर संक्रांतीनंतर आलं. तेजस शाळेतच आला, मधल्या सुट्टीत. त्याचा चेहरा उतरला होता. पत्र इंग्रजीत होतं, दोघांनी मिळून वाचलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मोठ्या अदबीने लिहिलं होतं की इंजिनचा नंबर एका हिरव्या गाडीचा आहे. बॉडीचा नंबर मात्र वेगळ्याच गाडीचा आहे. ती दुसरी गाडी मलईच्या रंगाची होती, हिरव्या गाडीनंतर काही वर्षांनी बनलेली, आणि आफ्रिकेच्या बंदरावर रवाना झालेली. हे दोन नंबर एकाच गाडीवर कारखान्यातून बाहेर पडणं शक्य नाही. चासीचा नंबर मिळाल्यास अधिक सांगता येईल.

"एटले आ एक गाडी नथी," तेजस म्हणाला. "दोन गाड्या जोडून एक केली आहे. दादाजीला कुणीतरी फसवलं."

त्याचं अस्सलपण गेलं म्हणून तो हळहळत होता आणि माझ्या अंगावर आनंदाने काटा येत होता. दोन मोडक्या गाड्या जोडून केलेली गाडी! मग ती मोडणारच. झाडावर जाणारच. त्याला सुतक कशाला लागतंय? इतकी वर्षं मी शास्त्राने भांडत होते, आता माझ्या हातात लोखंड आलं होतं. मला तेवढा एक जोड सापडला पाहिजे होता, म्हणजे नानांना गोदामात नेऊन दाखवला असता.

नाना सांगणार नाहीत हे कळलं होतं, म्हणून मी मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"माय, नाना दसराले गाडीनी पूजा कशी करेत?"

"कशी म्हंजे? जशी करतस तशी. हार, नारय, चाकखाले लिंबू." मग तिला हसू आलं. "आनि कपायले शेंदूर."

"गाडीला कपाळ?"

"मी बी तेच पुसं व्हतं. तं म्हनेत, कारखानावालासनी जठे तिन्हं नाव कोरेल शे, तेच तिन्हं कपाय. पुढला चाकजोडे खाले, आत. आडवं पडीसन शेंदूर लावेत. कपडा खराब व्हयेत, मी वरडू."

नाव कोरलेलं, म्हणजे नंबर. नानांना जागा पाठ होती. भुली गऊ म्हणे!

रविवारी मी, तेजस, घासलेटची बाटली आणि माझ्या घरचं खरवडायचं पातं, असे गोदामात गेलो. ताडपत्री काढली. गाडीचं नाक चेपलेलं होतं, पुढचा एक दिवा फुटून आत गेला होता, सीटचं कातडं उंदरांनी खाल्लं होतं. वाईट वाटलं. या एवढ्याशा खोक्यात एक बाविशीचा मुलगा गेला होता आणि मी तिथे माझ्या फायद्यासाठी आले होते. पण आले होते तर आले होते. पदर खोचला, जमिनीवर पोतं अंथरलं आणि आडवी झाले. तेजस विजेरी धरून बसला.

माय म्हणाली तिथेच, पुढच्या चाकामागे, चासीच्या लोखंडी पट्ट्यावर शेंदराचा जाड थर होता. वर्षानुवर्षांच्या दसऱ्यांचा, तेलात कालवलेला, वाळून देवाच्या कवचासारखा झालेला. वरून धूळ आणि ग्रीस बसून काळा पडला होता. घासलेट लावून खरवडायला लागले तसे पापुद्रे निघू लागले. आधी एक आकडा दिसला, मग दुसरा. शेंदराखाली लोखंड आरशासारखं राहिलं होतं, गंजाचा ठिपका नाही. तेजस आनंदाने ओरडला आणि नंबर हातावर उतरवून घेऊ लागला.

मी नंबराच्या पुढे खरवडत गेले. बोटभर अंतरावर पातं अडखळलं. तिथे लोखंडाला उंचवटा होता, वेडावाकडा, वेल्डिंगचा. हाच तो जोड. दोन गाड्यांच्या चासी इथे एकमेकींना चिकटवल्या होत्या. जोडाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत फट गेली होती. मी मनात म्हटलं, नाना, आता बोला.

आणि मग मला ते दिसलं. फट लाल होती. पात्याचं टोक आत घातलं तर शेंदूर निघाला. आणखी आत घातलं, आणखी निघाला. शेंदूर शेवटचा लागला तो त्या दसऱ्याला. अपघातानंतर या गाडीची पूजा कुणी केली नव्हती. फट अपघातात पडली असती तर तिच्या आत शेंदूर कुठून आला असता? नुसता ओघळून गेलेलाही तो नव्हता. नंबरावरचे टिळे गोल होते, जसे कपाळावर लावतात तसे. हा लांब होता. फटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने दाबत, भरत नेलेला. अंगठ्याच्या रेषा वाळलेल्या शेंदरात अजून होत्या.

"बेन, काही मिळालं?" तेजसने विचारलं.

"जोड आहे," मी म्हटलं. "दुसरं काही नाही."

तो नंबर पाठवायला आनंदाने निघून गेला. मी रिक्षात बसले तेव्हा माझ्या नखांत शेंदूर होता. पांडेसऱ्याच्या नाक्यावर दोन-तीन डाइंग हाउसांचं रंगाचं पाणी उघड्या गटारात मिसळून वाहत होतं, ते बघत मी बसले. घरी जावंसं वाटेना.

बमरोलीला नाना ओट्यावर होते. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या नखांकडे बघितलं आणि बिडी विझवली.

"देखी वनी?" ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"हां."

"फट दिसली होती."

"दसराले दिसनी. मांगला वरीसले नव्हती. पूजाना आगोदर शेठले सांगं. शेठ बोलना, आते सन शे, पोर नाराज व्हई, दिवाळी पछी गॅरेजले धाडसूत. किरीटभाईले सांगू नको. मन्ही हिंमत नही व्हयनी." ते थांबले. "मी मनमा म्हनं, दिवाळीलोंग देव धरी ठेवी. शेंदूर भरी दिधा."

लोखंडाच्या भेगेत शेंदूर भरून माझा बाप निश्चिंत झाला होता! त्यात लबाडी नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं. लबाडी असती तर मी सरळ ओरडले असते.

"आणि नंतर? नंतर का नाही सांगितलं? लोक त्या पोराला दारुडा म्हणत होते."

"शेठ मन्हा पाय पडना, चंचल. एवढा मोठा मानूस. बोलना, त्यानी मायले समजनं की माले ठाऊक व्हतं, तं ती माले घरमा ऱ्हावू देवाव नही. मंग आठे खोली दिन्ही." त्यांनी मागे दाराकडे हात केला. "तुन्ही शाळा, सगळं. मी गप बसनू."

"मग ते सुतक?"

"ते बी व्हतंच ना. कार्ड वनं व्हतं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सुतक तेरावाले फिटी जास. हाई फिटाव नही. मी सुतकच धरी बसनू. ते निदान सांगता येस."

आत माय उभी होती. दाराच्या चौकटीला धरून, हातात पीठ. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. वळून आत गेली आणि भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पुढचे दिवस मी शाळेत मुलांवर उगाच खेकसत होते. मला वडिलांना निर्दोष सोडवायचं होतं आणि मीच त्यांना जाऊन पकडलं होतं. योगिता रोज विचारायची, "ताई, नाना तयार झाले?" मी म्हणायची, बघू.

होळीच्या सुमारास दुसरं पत्र आलं. तेजस म्हणाला, रविवारी बासमोर वाचणार आहे, तुम्हीही या, नंबर तुम्हीच शोधलात. बा म्हणजे त्याची आजी, सरस्वतीबा, किरीटची आई. मी नानांना तेवढंच सांगितलं. रविवारी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात उभे होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं आणि अडवलंही नाही.

अठवा लाइन्सच्या बंगल्यात बा हिंडोळ्यावर बसल्या होत्या. पांढरं पातळ, मोतीबिंदूच्या चष्म्याआड मोठे दिसणारे डोळे. नाना उंबऱ्याजवळ खाली बसले. बांनी त्यांना ओळखलं, मान हलवली. तेजसने पत्र वाचलं आणि गुजरातीत सांगत गेला. या चासीची गाडी कारखान्यातून निघाली ती हिरवी, इंजिनही तिचंच. विलायतेतच तिचा मोठा अपघात झाला. ती कारखान्यात परत आली आणि नोंदीत तिच्या नावापुढे लिहिलं गेलं, भंगारात काढली. पुढे तिचं पुढचं अर्धं अंग कुणी उचललं, त्याला त्या मलईच्या रंगाच्या गाडीचं मागचं अंग कुणी आणि कुठे जोडलं, नवी म्हणून मुंबईत कुणी विकलं, ते कारखान्याला माहीत नाही. शेवटी त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, ही गाडी आपण कृपया चालवू नये.

बा ऐकत होत्या. हिंडोळा थांबला होता. मग नाना बोलले. सुरती लोकांत आयुष्य काढलेल्या माणसाच्या गुजरातीत, हात जोडून, त्यांनी सगळं सांगितलं. फट, शेंदूर, शेठचं दिवाळीनंतर, खोली. शेठ पाया पडले ते तेवढं गाळलं. मी चमकून बघितलं. तेजसने पत्राची घडी घातली आणि ती हातातच धरून राहिला.

बांनी एकच विचारलं. "तो मारो किरीट पीधेलो नहोतो?"

"नहोतो, बा. चावी मीच दिन्ही. पान बी खायेल नव्हतं."

"मने सोगंद आपेला एणे," बा म्हणाल्या. न पिण्याची शपथ त्याने आईला दिली होती. "मने थयुं, छोकराए सोगंद तोड्या." तीस वर्षं त्या बाईने मुलाचा फोटो कपाटात उलटा ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं, कारण त्यांनी तेजसला कपाट उघडायला सांगितलं. त्याने फोटो आणून मांडीवर ठेवला. त्या पदराने काच पुसत राहिल्या. पुसून झाली तरी पुसत राहिल्या.

मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "जेणे जेणे एवुं कह्युं, ए बधां तो मरी गयां. हवे हुं कोने कहुं?"

असं म्हणणारे सगळे तर मरून गेले. आता मी कुणाला सांगू? आम्ही उठलो. तेजस दारापर्यंत आला नाही.

रिक्षात नाना माझ्या शेजारी बसले. पांडेसरा आल्यावर त्यांनी विचारलं, "आते बसू का पाटवर?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. यासाठी मी काय काय केलं होतं! आणि मला हो म्हणता येईना. नाही म्हणायलाही जीभ रेटेना. मी रिक्षावाल्याला म्हटलं, डावीकडे घे. नाना समजायचं ते समजले. लग्नाच्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन लोटूकाकांना निरोप धाडला.

लग्न बमरोलीच्या मोकळ्या पटांगणात झालं. पत्र्याच्या खुर्च्या, लाउडस्पीकर, वैशाखाचं ऊन. नाना पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून आल्यागेल्याला तांब्यातांब्याने पाणी देत होते. योगिताने एकदा तिकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला तिच्याकडे बघवेना. मी शब्द दिला होता.

भटजींनी कन्यादानाला वधूचे आईवडील बोलावले. लोटूकाका उपरणं सावरत उठले, काकू उठली. तेवढ्यात मागून बायकांतून वाट काढत माय पुढे आली. माझ्या लग्नातली तीच नऊवारी तिने नेसली होती, घडीच्या रेघा अजून होत्या. ती काकांच्या आधी जाऊन पाटावर बसली.

"वहिनी," काका दबक्या आवाजात म्हणाले.

"बाई, हे जोडीने करायचं असतं," भटजी म्हणाले.

"जोडी तठे पानीजोडे उभी शे," माय म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. लाउडस्पीकरवाल्याने मात्र नेमका तेव्हाच माइक पुढे धरला होता, त्यामुळे ते अख्ख्या मांडवाने ऐकलं. "तीस वरीस मी त्यासना सुतकमा बसनी. मोठी पोरनं कन्यादान मांगे बसीसन देखं. आते तुम्ही सांगा, भटजी, माले कोनतं सुतक शे?"

भटजींनी काकांकडे बघितलं, काका एक पाऊल मागे सरले. मायने योगिताचा हात आपल्या हातात घेतला. तिने इतकी वर्षं हे मनात ठेवलं होतं आणि मी, घरातली शिकलेली, सारखी नानांच्याच सुतकाचा हिशोब मांडत बसले होते. मायचं कधी माझ्या मनातही आलं नाही.

आता पाणी कोण घालणार? बाप हात धरतो आणि आई पाणी घालते, अशी रीत. भटजी इकडेतिकडे बघू लागले. टाकीजवळून नाना हळूहळू पुढे आले. हातात तांब्या तसाच होता. मांडवाच्या खांबाशी थांबले, पुढे पाऊल टाकेनात. त्यांनी तांब्या माझ्यापुढे धरला. मी घ्यायला गेले.

"चंचल, तू नको घेऊ," माय वर न बघता म्हणाली. "ज्याना हातमा शे, त्यालेच ओतू दे."

नाना आत आले. वाकून त्यांनी पाणी घातलं. ते मायच्या हातावर पडलं, तिथून योगिताच्या हातावर आलं, बरंचसं पाटावर सांडलं. योगिता रडत होती. भटजींनी मंत्र सुरू केला. माझ्या लग्नात हेच पाणी नानांनी बाहेर उभं राहून वाटलं होतं.